उंबरठ्याच्या आतला समुद्र

२३ जुलै २०१४ रोजी, उत्तर ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटरवरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये भारताने एक दोर सोडला. तळाशी जड नांगर, वर फुगा आणि मधल्या अंतरात निरनिराळ्या खोलीवर बसवलेले दहा सेन्सर. त्या जागी पाणी १९२ मीटर खोल आहे. या संचाचं नाव ‘इंडआर्क’. तो बांधण्यात चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता, तर ध्रुवीय मोहिमेची सूत्रं गोव्यातून, वास्कोजवळच्या हेडलँड सड्यावरून हलत होती. तिथल्या संस्थेला आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणतात.

असा दोर सोडणं सोपं, सांभाळणं कठीण. हिमनग घासून जाऊ नये म्हणून वरचा फुगाही पाण्याखालीच ठेवावा लागतो. त्यामुळे दोर कुठे आहे हे वरून दिसत नाही. वर्षभराने जहाज येतं, पाण्यात ठरावीक आवाजाचा इशारा सोडतं, तळाजवळची कडी सुटते, नांगर तिथेच राहतो आणि बाकीचा संच वर येतो. मग सेन्सरवर चढलेलं शेवाळ खरवडायचं, बॅटऱ्या बदलायच्या, नोंदी उतरवून घ्यायच्या आणि संच पुन्हा सोडायचा. वर्षभर साचलेल्या नोंदी बहुतेक वेळा तेव्हाच हाती लागतात. मधल्या काळात एखादा सेन्सर बंद पडला असेल तर तेही तेव्हाच कळतं.

आता फ्योर्ड म्हणजे काय ते पाहायला हवं. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल, उभ्या भिंतींच्या दऱ्या केल्या. बर्फ वितळला, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांत शिरला. नॉर्वेचा सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि १,३०८ मीटरपर्यंत खोल आहे. कोकणातल्या जयगड किंवा विजयदुर्गच्या खाड्याही समुद्राने बुडवलेली नदीखोरीच, पण ती नदीने कोरलेली आणि उथळ. फ्योर्डचं वेगळेपण त्याच्या तोंडाशी असतं. हिमनदीने पुढे ढकलत आणलेला दगडगोटा आणि न खोदला गेलेला खडक यांचा तिथे पाण्याखाली एक उंच बांध राहतो. समुद्रशास्त्रज्ञ त्याला उंबरठाच म्हणतात. सोग्नेफ्योर्डच्या तोंडाशी पाणी जेमतेम शे-दीडशे मीटर खोल आहे आणि आत हजार मीटरहून जास्त.

फ्योर्डमधल्या माशांचं भवितव्य पुष्कळ अंशी हा उंबरठाच ठरवतो. वर नदीचं आणि वितळलेल्या बर्फाचं गोडं, हलकं पाणी पसरतं, खाली खारं आणि जड पाणी असतं, आणि दोन्ही सहजी मिसळत नाहीत. उंबरठ्याखालच्या पाण्यात वरून मेलेले जीव आणि पालापाचोळा पडत राहतो. तो कुजताना प्राणवायू संपत जातो. बाहेरच्या समुद्रातलं पाणी वाऱ्यामुळे किंवा ऋतुमानामुळे पुरेसं जड होऊन उंबरठा ओलांडतं आणि तळाशी ओतलं जातं, तेव्हा कुठे खालचं पाणी बदलतं. काही फ्योर्डमध्ये हे दरवर्षी घडतं, काहींत कित्येक वर्षांनी एकदा. दक्षिण नॉर्वेच्या फ्रामवारेन फ्योर्डचा उंबरठा अवघ्या दोनेक मीटर खोलीवर आहे आणि आतली खोली १८० मीटरच्या आसपास. तिथे वरचे वीसेक मीटर सोडले तर खाली प्राणवायू नाहीच. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तेवढा भरलेला आहे.

आइसलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर कोल्ग्राफाफ्योर्ड नावाचा लहानसा फ्योर्ड आहे. डिसेंबर २०१२ मध्ये हिवाळा काढायला आलेली हेरिंग तिथे मेली. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. अंदाज तीस हजार टनांचा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा तेच झालं आणि आणखी वीस-बावीस हजार टन मासा गेला. किनाऱ्यावर माशांचे थर साचले आणि ते पुरण्यासाठी यंत्रं लावावी लागली. शास्त्रज्ञांनी पाण्यातला प्राणवायू मोजला तेव्हा कारण समोर आलं. एवढ्या प्रचंड थव्याने आपल्याच श्वासाने लहानशा जागेतला प्राणवायू संपवला होता, आणि वारा पडलेला असल्याने नवा मिसळला नव्हता. २००४ मध्ये या फ्योर्डवर भराव टाकून रस्ता आणि पूल झाला होता. त्याचा हात किती, यावर पुढे बराच वाद झाला. भरावाआधीच्या प्राणवायूच्या पुरेशा नोंदी असत्या तर वादाचा बराचसा भाग उरला नसता.

फ्योर्डच्या अभ्यासाचा इतिहास चाळताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. साहसी मोहिमा लक्षात राहतात, पण माशांविषयीचे मोठे प्रश्न सोडवले ते एकाच जागी, एकाच रीतीने, वर्षानुवर्षं केलेल्या मोजणीने.

त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण दक्षिण नॉर्वेच्या आरेंदालजवळच्या फ्लोदेविगेनचं आहे. कॅप्टन दानेविग यांनी १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कॉडची अंडी उबवणारं केंद्र उभं केलं. अंड्यांतून निघालेली कोट्यवधी पिल्लं फ्योर्डमध्ये सोडायची, म्हणजे मच्छीमारांना जास्त कॉड मिळेल, असा सरळ हिशोब होता. लोकांना तो पटला आणि सरकारी पैसाही मिळाला. मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांना मात्र तो पटला नाही. माशांच्या खवल्यांवरची वलयं मोजून वय काढण्याच्या पद्धतीवर यॉर्ट यांचं काम उभं होतं. १९१४ च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी दाखवलं, की काही वर्षी जन्मलेली पिढी अफाट मोठी असते आणि पुढे कित्येक वर्षं सगळी मासेमारी तिच्यावर चालते. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगचं असंच झालं होतं. निसर्गातच एका वर्षी कोट्यवधी पिल्लं जगतात आणि दुसऱ्या वर्षी जवळपास सगळी मरतात, तिथे माणसाने सोडलेल्या पिल्लांमुळे फरक पडला हे ठरवायचं कसं?

उत्तर मोजणीतूनच मिळणार होतं. १९१९ पासून दक्षिण नॉर्वेच्या स्कागेराक किनाऱ्यावरच्या फ्योर्डमध्ये दर शरद ऋतूत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापाचं जाळं किनाऱ्यावरून ओढलं जातं. मालवण-वेंगुर्ल्याच्या रापणीची ती आखूड आवृत्ती. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकायचं, दोन्ही टोकं काठावर घेऊन हाताने ओढायची, आणि आत आलेली कॉडची त्याच वर्षीची पिल्लं, इतर मासे, खेकडे सगळं मोजायचं. शंभर वर्षं उलटली तरी ही रापण चालू आहे. जगात समुद्री माशांच्या इतक्या लांब आणि एकसारख्या नोंदी फारच थोड्या आहेत. उबवणी केंद्राने पिल्लं सोडणं १९७१ मध्ये थांबवलं. तोवर जमलेल्या आकड्यांतून मासळी वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मासफ्योर्डमध्ये मोठी बोटुकली सोडून नवा प्रयोग झाला, तरी मच्छीमारांच्या जाळ्यात जास्त कॉड आला नाही. त्या फ्योर्डमध्ये जेवढं खाद्य होतं, तेवढ्याच कॉडला तो पोसू शकत होता.

त्याच रापणीच्या नोंदींमुळे दक्षिण नॉर्वेतल्या किनारी कॉडची घसरण कोणालाही नाकारता आली नाही. २०१९ मध्ये तिथे कॉडच्या मासेमारीवर कडक निर्बंध आले.

उत्तरेकडे चित्र वेगळं आहे. बॅरेंट्स समुद्रातून दर हिवाळ्यात लोफोतेन बेटांकडे अंडी घालायला येणाऱ्या कॉडवर हजार वर्षांहून अधिक काळ व्यापार चालत आला आहे. फ्योर्डमध्येच राहणारा कॉड निराळा. कानातल्या दगडीसारख्या हाडाच्या वलयांवरून शास्त्रज्ञ दोन्ही ओळखतात. हेरिंगचं वागणं तर आणखी गुंतागुंतीचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पंधराएक वर्षं नॉर्वेची हेरिंग ओफोतफ्योर्ड आणि तिसफ्योर्डमध्ये हिवाळा काढायची, तिच्या मागे किलर व्हेल यायचे. पुढे तिने ही जागा सोडली आणि बाहेरच्या समुद्रात मुक्काम हलवला. यामागच्या कारणांवर अजून एकमत नाही.

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये आता मासा पकडण्यापेक्षा पाळण्याची उलाढाल मोठी आहे. १९७० मध्ये हित्रा बेटावर ग्रोंतवेद भावंडांनी तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमन वाढवायला सुरुवात केली. आज नॉर्वे वर्षाला सुमारे पंधरा लाख टन सॅमन पिकवतो. फ्योर्डमध्ये लाटा कमी आणि पाणी थंड, ही सोय. बंदिस्तपणाची किंमतही तिथेच मोजावी लागते. पिंजऱ्यांतल्या दाटीत सॅमनवरच्या उवा वाढतात आणि समुद्राकडे निघालेल्या रानटी सॅमनच्या पिल्लांना चिकटतात. म्हणून २०१७ पासून नॉर्वेने किनाऱ्याचे तेरा विभाग केले. उवांचा रानटी सॅमनवर किती भार पडतो ते मोजायचं आणि त्यावरून विभागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. लाल मिळाला तर उत्पादन घटवायचं. चिलीच्या फ्योर्डमध्ये संकट वेगळ्या रूपात आलं. २०१६ च्या उन्हाळ्यात विषारी शैवाल फुललं आणि सुमारे चाळीस हजार टन सॅमन पिंजऱ्यांतच मेला.

आता पुन्हा भारतीय दोराकडे. कोंग्सफ्योर्ड स्वालबार्ड द्वीपसमूहात आहे. काठावरचं न्यू-अलेसुंद एकेकाळी कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, त्यानंतर खाण बंद झाली आणि गाव संशोधनाचं झालं. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश अमलाखालच्या भारताच्याही वतीने सही झाली होती, त्यामुळे तिथे काम करण्याचा भारताचा हक्क जुना आहे. पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली, १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं आणि डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही मुक्काम सुरू झाला. हिवाळ्यातली ती हजेरी फार मोलाची आहे, कारण तिथल्या ध्रुवीय रात्रीत पाण्यात काय चालतं याविषयी निरीक्षणं अजूनही कमी आहेत.

भारताच्या ध्रुवीय कामाचा माशांशी संबंध सुरुवातीपासूनचा आहे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या पहिल्या अंटार्क्टिक मोहिमेचे नेते सय्यद झहूर कासिम मत्स्यजीवशास्त्रज्ञ होते आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिले होते. त्यांचं ‘पोलर सर्कल’ हे जहाज नॉर्वेकडून भाड्याने घेतलेलं होतं. नॉर्वेशी मासेमारीचं नातं त्याहीआधीचं. १९५० च्या दशकात केरळमध्ये सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिक होड्या आणल्या आणि पुढे त्याचं काम कारवारपर्यंत पोचलं. आज अंटार्क्टिकातलं ‘भारती’ केंद्रही थाला फ्योर्डच्या शेजारीच उभं आहे.

कोंग्सफ्योर्डची निवड मुद्दाम केलेली होती. त्याच्या तोंडाशी ठळक उंबरठा नाही. स्वालबार्डच्या पश्चिमेने उत्तरेकडे वाहणारं अटलांटिकचं कोमट, खारं पाणी खोल दरीतून आत येऊ शकतं. दुसऱ्या टोकाला क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्या थेट पाण्यात तुटून पडतात. उष्ण समुद्र आणि वितळता बर्फ यांची झुंज वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात मोजता येते. २००५-०६ च्या हिवाळ्यात अटलांटिकचं पाणी फ्योर्डमध्ये घुसलं आणि तेव्हापासून तिथला हिवाळी समुद्रबर्फ फार कमी झाला. इंडआर्कच्या नोंदींमुळे असं पाणी कधी येतं, किती खोलवर येतं, किती दिवस राहतं हे महिनोन्‌महिने पाहता येऊ लागलं. उन्हाळ्यात आठवडाभर जाऊन घेतलेल्या नमुन्यांतून ते कधीच दिसलं नसतं.

पाण्यामागून मासे आले. ध्रुवीय कॉड हा बर्फाच्या आसऱ्याने वाढणारा छोटा, चरबीदार मासा, सील आणि पक्ष्यांचं मुख्य खाद्य. आता स्वालबार्डच्या पश्चिमेकडच्या फ्योर्डमध्ये अटलांटिक कॉड आणि हॅडॉक वाढले आहेत, आणि अटलांटिक कॉडच्या पोटात ध्रुवीय कॉड सापडतो. कोंग्सफ्योर्डच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या किटीवेक पक्ष्यांच्या अन्नाचे नमुने संशोधकांनी वर्षानुवर्षं तपासले. त्यांत ध्रुवीय कॉडचं प्रमाण घटलं आणि दक्षिणेकडच्या माशांचं वाढलं. २००४ मध्ये निळे शिणाणे हजारेक वर्षांच्या खंडानंतर स्वालबार्डला पुन्हा सापडले. २०१३ मध्ये तिथल्याच इसफ्योर्डमध्ये मॅकेरल मिळाला. आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा ७८ अंश उत्तरेला!

हिमनद्यांचाही माशांशी हिशोब आहे. पाण्यात उतरणाऱ्या हिमनदीच्या तळातून वितळलेलं गोडं पाणी खोलवर बाहेर पडतं, उसळून वर येतं आणि येताना तळचं पोषक पाणी खेचून आणतं. म्हणून हिमनदीच्या तोंडाशी पक्ष्यांची झुंबड दिसते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रीनलँडच्या अभ्यासात पाण्यात संपणाऱ्या हिमनद्यांचे फ्योर्ड आणि मागे हटून जमिनीवर संपणाऱ्या हिमनद्यांचे फ्योर्ड यांची तुलना झाली. पहिल्यांत वनस्पतिप्लवक जास्त पिकतात आणि हॅलिबटची मासेमारीही तिथेच जास्त. हॅलिबट म्हणजे लेपीसारखा चपटा, पण आकाराने कितीतरी मोठा मासा. हिमनदी हटत हटत जमिनीवर गेली की पोषक पाणी वर आणणारा हा पंप थांबतो. ग्रीनलँडच्या अर्थव्यवस्थेचा कणाच मासेमारी असल्याने तिथे हा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

भारतीय अभ्यासातली उणीव इथे बोलून दाखवायला हवी. कोंग्सफ्योर्डवरच्या आपल्या कामाचा भर पाणी, क्षार, सूक्ष्मजीव आणि प्लवक यांवर राहिला. माशांचा भाग बहुतांशी इतरांनी केला. दोराला माशांचे थवे ऐकणारं ध्वनियंत्र कायमचं जोडणं, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या किंवा मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या तरुणांना या मोहिमांत नियमित जागा देणं, हे अवघड नाही. पाण्याच्या नोंदी तयार आहेत. माशांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर त्यांची किंमत दुप्पट होईल.

गोव्याच्या शास्त्रज्ञांना प्राणवायू संपलेलं पाणी नवं नाही. कांदोळीसमोर, जेमतेम २७-२८ मीटर खोलीच्या जागी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९० च्या दशकापासून वारंवार नमुने घेतले. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या मधल्या थरातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं, त्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू जवळपास संपतो. काही वेळा हायड्रोजन सल्फाइडही सापडला आहे. उंबरठा नसतानाही फ्योर्डच्या तळासारखी अवस्था होते. वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं, तेव्हा कांदोळी समुद्रशास्त्राच्या जगात ठाऊक झालं.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला समुद्र लांब आहे, पण बुडालेलं खोरं पन्नासेक किलोमीटरवर आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. मागे पसरलेला नाथसागर भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर होतो. २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी त्यावर पसरलं तर सरासरी खोली आठ-साडेआठ मीटर भरते. फ्योर्डच्या तुलनेत तो उथळ आणि वाऱ्याने ढवळला जाणारा. त्याचं संकट वेगळं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर गेला होता आणि मासा मृतसाठ्यात कोंडला होता.

रोहू, कटला, मृगळ या माशांना अंडी घालायला पावसाळ्यात वाहतं पाणी लागतं. जलाशयात ते पुरेसं मिळत नाही, म्हणून राज्यभर धरणांत मत्स्यबीज आणि बोटुकली सोडतात. सोडलेल्यांपैकी जगलं किती, वाढलं किती, चिलापीने आणि मरळीने खाल्लं किती, भोई आणि कहार कुटुंबांच्या जाळ्यात आलं किती? दानेविग आणि यॉर्ट यांच्यातला प्रश्न इथे जसाच्या तसा उभा आहे. वर्ष-दोन वर्षांच्या अभ्यासांतून जातींच्या याद्या मिळतात. दुष्काळाचं वर्ष आणि पुराचं वर्ष यांतला फरक कळायला पंधरा-वीस वर्षांची एकसारखी मोजणी लागते.

ही निकड आता वाढली आहे. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प आणण्याचा बेत आहे. मच्छीमार समाजाच्या वतीने आधी हरित लवादाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली. २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्यही आहे. पाण्यावर सौरपटल पसरले की ऊन अडतं, शेवाळ आणि प्लवक बदलतात, वाऱ्याने होणारं ढवळणं कमी होतं. माशांवर त्याचा परिणाम किती होईल हे पटलांच्या विस्तारावर आणि जागेवर ठरेल. तो मोजायचा तर आधीची अवस्था नोंदलेली हवी.

त्यासाठी ध्रुवावरचा दोर लागत नाही. धरणाच्या भिंतीजवळचं खोल पाणी, मधला भाग आणि गोदावरी आत येते ती शेपटाकडची बाजू, अशा ठरलेल्या जागा हव्यात. तिथे महिन्यातून एकदा वरच्या आणि तळच्या पाण्याचं तापमान आणि प्राणवायू मोजायचा, वर्षातून एकदा एकाच मापाच्या जाळ्याने ठरलेल्या आठवड्यात मासा धरून जात, लांबी आणि खवल्यांवरून वय नोंदवायचं, सोडलेल्या बोटुकलीचा आकडा आणि जागा त्याच वहीत लिहायची. शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे, पैठणला होड्या आहेत आणि पाणी ओळखणारी माणसं आहेत. पहिली नोंद पटल पाण्यावर येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात व्हायला हवी.